झाडावरील बुरशी व किडींची ओळख : मोबाईलने फोटो कसे काढावेत? (आरे कॉलनी परिसर)

गोरेगाव पूर्वेच्या आरे कॉलनीत तबेल्यांच्या भोवती, रस्त्याकडेला आणि आदिवासी पाड्यांत आंबा, फणस, चिंच, नारळ, सुबाभूळ, गुलमोहर व पर्जन्यवृक्ष ही झाडे एकत्र आढळतात. पावसाळ्यात यांच्या खोडांवर बुरशी उगवते, किडी फिरताना दिसतात आणि "झाड गेले, तोडून टाका" किंवा "फवारणी करा" असा सल्ला लगेच मिळतो. मात्र खोडावर दिसणारी प्रत्येक बुरशी रोग नसते आणि प्रत्येक किडा शत्रू नसतो. उलट, खरोखर धोक्याची खूण बुंध्याजवळ गवतात लपलेली असू शकते. म्हणून आधी फोटो, मग ओळख आणि शेवटी उपाय हा क्रम ठेवावा.

एका फोटोवर ओळख पटत नाही

तज्ज्ञाकडे पाठवण्यासाठी प्रत्येक झाडाचे किमान पाच फोटो काढावेत.

१. पूर्ण झाड : शेंडा वाळला आहे का, झाड झुकले आहे का, हे दिसले पाहिजे.
२. जागा : बुरशी किंवा कीड बुंध्यावर, खोडावर की फांदीवर आहे, हे दाखवणारा फोटो.
३. जवळून : शेजारी मोजपट्टी किंवा दहा रुपयांचे नाणे ठेवावे. नाण्याचा व्यास २७ मिमी असल्याने आकाराचा अंदाज येतो.
४. खालची बाजू : बुरशीची खरी ओळख इथेच पटते. मोबाईलचा सेल्फी कॅमेरा बुरशीखाली सरकवून फोटो घ्यावा. बुरशी उपटण्याची गरज नाही.
५. नुकसान : छिद्र, भुसा, डिंक, वाळलेली साल, जाळी.

फोटो घेण्याआधी लेन्स कोरड्या कापडाने पुसावी. झूम करण्याऐवजी मोबाईल जवळ न्यावा आणि स्क्रीनवर बोट टेकवून फोकस करावा. फ्लॅशमुळे पांढरी बुरशी व चमकदार पाठीचे भुंगे यांचा रंग बिघडतो. त्यापेक्षा छत्रीची सावली बरी. किडींचे फोटो सकाळी लवकर घ्यावेत, कारण गारव्यात त्यांची हालचाल मंद असते. व्हॉट्सॲपवर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावेत, म्हणजे बारकावे पुसट होत नाहीत. सोबत तारीख, झाडाचे नाव, अंदाजे वय आणि आधी केलेली फवारणी लिहावी.

बुरशी : काय पाहावे?

- दगडफूल : सालीवर राखाडी-हिरवट चट्टे. मसाल्यातल्या दगडफुलाचेच हे भाऊबंद. झाडाला अपाय नाही, उपाय नको.
- काजळी : पानांवर काळा थर, बोटाने पुसला जातो. ही बुरशी तुडतुडे व पिठ्या ढेकूण यांच्या गोड स्रावावर वाढते. म्हणून काळ्या पानाच्या वरच्या फांद्या व त्यांवरील पानांची खालची बाजू तपासून तिचाही फोटो घ्यावा.
- लहान पांढरे पंखे : खालून दुभंगलेल्या घड्या दिसल्यास बहुधा शिझोफायलम. ही बुरशी सहसा मेलेल्या लाकडावर येते. ती फांदी वाळली आहे, एवढाच तिचा अर्थ.
- गुलाबी रोग : आंबा व फणसाच्या फांद्यांवर पावसाळ्यात पांढरट-गुलाबी थर येतो आणि पुढची फांदी वाळते. रोगट भागाच्या खाली निरोगी लाकडात छाटणी करून कापावर १० टक्के बोर्डो पेस्ट (मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १० लिटर) लावावी.
- गॅनोडर्मा : बुंध्याला फळीसारखी कडक, तपकिरी बुरशी. खाली बारीक छिद्रे, भोवती तपकिरी भुकटी. ही सर्वांत गंभीर खूण आहे. बुरशी बाहेर दिसते तोवर आतले लाकूड व मुळे बरीच कुजलेली असू शकतात. वरची फळी तोडून झाड बरे होत नाही. पानोरा हिरवा असला तरी असे झाड वादळी पावसात कोसळू शकते. त्याखाली जनावरे बांधू नयेत, मुलांना खेळू देऊ नये.

फोटोवरून ओळखलेली कोणतीही अळंबी खाऊ नये.

किडी : काय पाहावे?

- भिरूड : आंब्याच्या खोडावर छिद्र, त्यातून भुसा व चीक. भुंगेरा राखाडी, लांब मिशांचा, सुमारे ३५ ते ५० मिमी. छिद्र साफ करून तारेच्या हुकाने अळी काढावी.
- साल खाणारी अळी : सालीवर भुसा व रेशमाच्या नागमोडी पट्ट्या. पट्टी बाजूला करून तिच्या टोकाचे छिद्र दिसेल असा फोटो घ्यावा.
- पिठ्या ढेकूण : पांढरा कापसासारखा थर. मुंग्यांची रांग वर जात असेल तर ती कुठे पोहोचते ते पाहावे. क्रिप्टोलीमस या मित्रकिडीची अळीही अशीच पांढरी असते, पण ती आकाराने मोठी व चपळ असते आणि ढेकूण खाते. दहा सेकंदांचा व्हिडिओ घेतल्यास फरक कळतो. ती मारली तर ढेकूण वाढतात.

पाय मोजता येतील असा फोटो घ्यावा. सहा पाय असतील तर कीटक, आठ असतील तर कोळी किंवा विंचू. आरेतूनच २०१० मध्ये झीशान मिर्झा व राजेश सानप यांनी विंचवाची नवी प्रजाती नोंदवली. तिचे नाव 'लायकस आरेएन्सिस'. त्यामुळे सालीच्या फटीत बोट घालू नये, काडी वापरावी.

झाड धोकादायक वाटल्यास

मुंबईत झाड तोडण्यासाठी महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. आरेचा काही भाग राखीव वन आहे, तिथे वन विभागाकडे जावे. अर्जासोबत वरील पाच फोटो जोडावेत. पाहणी करणाऱ्याला कुठे पाहायचे ते नेमके कळते. अनेकदा सगळे झाड न तोडता एखादी फांदी उतरवून भागते.

खबरदारी

- खोडाला दोर बांधून साल सोलली जाऊ देऊ नये. जखमेतूनच बुरशी शिरते.
- बुंध्याशी शेणाचा ढीग किंवा काँक्रीट नको.
- त्याच झाडाचे, त्याच जागेवरून दर महिन्याला फोटो घ्यावेत. रोग वाढतो आहे की थांबला आहे, हे तुलनेतूनच समजते.
- ओळख पटेपर्यंत ना कुऱ्हाड, ना फवारणी. सहायक कृषी अधिकारी, कृषी विज्ञान केंद्र किंवा दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठातील तज्ज्ञांना फोटो दाखवून सल्ला घ्यावा.