एका गळ्यावर उभी मंडळी

मुख्य गायक गेला की रॉक बँड मोडतो, किंवा नाव तेच राहून निराळाच होतो, याची चर्चा आपल्याकडेही आता होऊ लागली आहे. आपल्या नाटकमंडळ्यांनी मात्र हा अनुभव शंभर वर्षांपूर्वीच घेतला होता, आणि त्यातला बराचसा कृष्णाकाठी घडला.

१८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हा पदे सूत्रधार म्हणे आणि पात्रे सुचेल तसे बोलत. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’मध्ये पदे थेट पात्रांच्या तोंडी घातली. संगीत नाटकाची थोरवी या बदलात आहे, तसा त्याचा धोकाही याच बदलात आहे असे आम्हांस वाटते. कारण प्रेक्षक आता शकुंतलेला नव्हे, तिच्या गळ्याला पाहायला येऊ लागला.

पुरावा किर्लोस्कर मंडळीतच सापडतो. १८८५ साली अण्णासाहेब वारले. नाटककार आणि संस्थापक गेला, तरी मंडळी उभी राहिली. भाऊराव कोल्हटकर गात होते ना! १९०१ साली भाऊराव गेले आणि तिची रया गेली. नाटके तीच होती. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांच्यासारखा तालीममास्तरही पाठीशी होता. उणीव एका आवाजाची होती.

ती भरून निघाली १९०५ साली, मिरजेत. नारायण श्रीपाद राजहंस नावाचा मुलगा शकुंतला म्हणून उभा राहिला. त्याचे मूळ गाव कृष्णाकाठचे नागठाणे. १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ म्हणून साताऱ्यापासून वेगळ्या झालेल्या आणि पुढे सांगली हे नाव मिळालेल्या जिल्ह्यातले. अभिनयाची तालीम देवलांची. आठ वर्षे बालगंधर्वांनी मंडळीला वैभव दाखवले. १९१३ साली गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह ते बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी निघाली. गळा गेला, प्रेक्षक त्याच्यामागे गेला. किर्लोस्कर मंडळीने पुढे दीनानाथ मंगेशकरांचा तडफदार गळा मिळवला. १९१८ साली तोही बलवंत संगीत मंडळी काढून निघून गेला. एकाच घराला किती वेळा ठेच लागावी?

याला एक अपवाद आहे, आणि अभ्यासकांनी त्याकडे अधिक लक्ष द्यायला हवे. १९२१ साली केशवराव भोसले अकाली गेले, तरी त्यांचे ललितकलादर्श टिकले. बापूराव पेंढारकर गात होते हे खरेच. पण मामा वरेरकरांच्या ‘सत्तेचे गुलाम’सारख्या नाटकांमुळे प्रेक्षकाला गाण्यापलीकडेही थिएटरात येण्याचे कारण मिळाले. गंधर्व मंडळीत असे कारण फारसे शोधले गेले नाही. तिथे थिरकवाँचा तबला होता, कादरबक्षांची सारंगी होती, भरजरी शालू होते. सारे त्या एका स्वराभोवती. खर्चही त्याच्याच मानाने.

बलवंत मंडळीची कथा आणखी वेगळी. दीनानाथांनी सांगलीत बिऱ्हाड केले होते. बोलपट आले, मंडळीनेही तो मार्ग चोखाळून पाहिला आणि १९३०च्या दशकात ती कर्जासह मिटली. दीनानाथ तेव्हा जेमतेम पस्तिशीचे होते.