स्लान्स्की खटला : पुरावा आणि स्मृती

चेकोस्लोव्हाकियातील पक्षशुद्धीचा अभ्यास करू पाहणाऱ्यास साधनांची उणीव भासत नाही. अडचण आहे ती साधनांच्या मुबलकपणाची. नोव्हेंबर १९५२ मध्ये प्राग येथे रुडॉल्फ स्लान्स्की व अन्य तेरा जणांवर जो खटला चालला, त्याचे कामकाज नभोवाणीवरून ऐकविण्यात आले, आणि १९५३ मध्ये न्यायखात्याने त्याचा वृत्तान्त ग्रंथरूपाने प्रसिद्धही केला. तथापि त्यातील प्रश्न व उत्तरे ही दोन्ही आधीच लिहून तयार होती आणि आरोपींकडून ती पाठ करून घेण्यात आली होती. तेव्हा आरोपींनी काय केले याचा पुरावा या ग्रंथात शोधणे व्यर्थ होय. सत्तेला त्यांच्या मुखातून काय वदवून घ्यावयाचे होते, याचा मात्र तो अस्सल पुरावा आहे.

१९४८ मध्ये स्टालिन आणि टिटो यांचे बिनसल्यावर पूर्व युरोपातील प्रत्येक पक्षात 'घरभेद्यां'चा शोध सुरू झाला. स्लान्स्की हा १९४५ पासून पक्षाचा सरचिटणीस. जुलै १९५१ मध्ये त्याच्या पन्नाशीनिमित्त त्याला मानाचे पदक देण्यात आले, सप्टेंबरात पद गेले आणि नोव्हेंबरात अटक झाली. चौदापैकी अकरा आरोपी ज्यू वंशाचे होते, व आरोपपत्रात त्याचा मुद्दाम उल्लेख होता. अकरा जणांना ३ डिसेंबर १९५२ रोजी फाशी देण्यात आले. तिघांना जन्मठेप झाली. मृतांची रक्षा प्रागबाहेरील रस्त्यावर विखुरण्यात आली. दयेचे अर्ज फेटाळणारा राष्ट्राध्यक्ष गोट्वाल्ड हा स्लान्स्कीचा अनेक वर्षांचा सहकारी होता.

येथवर कथा सरळ आहे. परंतु मिलाडा होराकोव्हा या समाजवादी नेत्रीस २७ जून १९५० रोजी फाशी दिले गेले तेव्हा पक्षाचा सरचिटणीस स्लान्स्कीच होता, आणि सहआरोपी कारेल श्वाब हा तर राष्ट्रीय सुरक्षा खात्याचा उपमंत्री होता. ज्या यंत्राने हे चिरडले गेले, त्याच्या उभारणीत त्यांचा हात होता. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खटल्याचा निकाल रद्द केला, तरी पक्षाने स्लान्स्कीस सभासदत्व परत दिले नाही. बेकायदेशीर दडपशाहीची जबाबदारी त्याच्यावरही होती, असे कारण दिले. हा ठपका अगदी निराधार नव्हता. मात्र तो ठेवणारे पुढारी स्वतः त्याच काळातील होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या न्यायबुद्धीचे मोल कळते. त्याचे पक्षीय पुनर्वसन १९६८ मध्ये झाले. त्याच वर्षी नेमलेल्या पिलर समितीचा अहवाल ऑगस्टमधील लष्करी आक्रमणानंतर दडपला गेला. १९७० मध्ये तो व्हिएन्ना येथे छापला गेला.

सर्वसाधारण वाचकास या प्रकरणातून आठवते ते बहुधा एक छायाचित्र. २१ फेब्रुवारी १९४८ रोजी सज्जातून भाषण करणाऱ्या गोट्वाल्डशेजारी क्लेमेंटिस उभा होता. पुढे तो परराष्ट्रमंत्री झाला, नंतर फासावर गेला, आणि चित्रातूनही पुसला गेला. क्लेमेंटिसने आपली टोपी गोट्वाल्डच्या डोक्यावर ठेवली, हा तपशील कुंदेराच्या कादंबरीने जगभर पोचविला. आमचे विद्यार्थीही तो निःशंकपणे उद्धृत करतात. पण कादंबरी हे त्या दिवसाचे साधन नव्हे. शिवाय त्या चित्रातून जवळ उभा असलेला छायाचित्रकारही पुसला गेला होता, याचा उल्लेख क्वचितच आढळतो.

२७ जून हा दिवस आज चेक प्रजासत्ताकात कम्युनिस्ट राजवटीच्या बळींचा स्मरणदिन म्हणून पाळला जातो. तो होराकोव्हाचा आहे, स्लान्स्कीचा नव्हे. आर्तूर लंडन हा जन्मठेपेतून सुटलेला आरोपी आणि रुडॉल्फ मार्गोलियसची विधवा हेडा यांच्या आठवणींनी या खटल्यास वाचक मिळवून दिले, पण तेही पुष्कळसे परदेशात. पुढे २०१८ मध्ये प्रागनजीक पानेन्स्के ब्रझेझानी येथे खटल्याच्या चित्रफिती व ध्वनिमुद्रणे सापडली. छापील वृत्तान्तात प्रत्येक कबुली सारखीच ठाम वाटते. आता तीच वाक्ये उच्चारणाऱ्यांचे चेहरे पाहता येतात व आवाज ऐकता येतात.