आवाज राहिलाय का?

पोस्ट मोठी आहे मंडळी. चहा घेऊन बसा.

९ मार्चला, रविवारी, मी मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर होतो. लोलापालूझा नावाचा दोन दिवसांचा संगीत महोत्सव, आणि दुसऱ्या रात्री सगळ्यात शेवटी ग्रीन डे. भाच्यानं काढलेला फोटो मी इथं टाकला आणि खाली आपल्या लोकांनी यथेच्छ धुतलं. एकानं लिहिलं, "साहेब, पन्नाशीतली माणसं उड्या मारत्यात ते बघायला रात्रभर रेल्वेत बसून गेलाय व्हय?" चेष्टाच ती, मी पण हसलो. पण दुसऱ्या एका ज्येष्ठ वाचकानं एवढंच विचारलं होतं, "आवाज राहिलाय का त्यांचा?"

हा प्रश्न डोक्यातनं जाईना. कारण ग्रीन डे कोल्हापूरला नवा असेल, हा प्रश्न नवा नाही.

आधी बँडबद्दल थोडं. १९८७ साली कॅलिफोर्नियात शाळकरी वयाच्या दोन पोरांनी, बिली जो आर्मस्ट्राँग आणि माइक डर्न्ट यांनी तो सुरू केला. ड्रमवाला ट्रे कूल नंतर आला. तिघेही १९७२ सालचे. १९९४ मध्ये 'डूकी' आला आणि ते जगभर पोचले. २००४ मध्ये, इराकचं युद्ध चालू असताना, 'अमेरिकन इडियट' आला, म्हणजे आपल्याच देशाच्या सरकारवर आणि टीव्हीवर उघड टीका. मी 'डूकी' ऐकला तो कोऱ्या कॅसेटवर भरून घेतलेला, मित्राच्या दादाकडनं. शब्द अर्धे कळायचे नाहीत. इंग्रजीच्या मास्तरांना एक ओळ विचारायला गेलो आणि कान धरून वर्गाबाहेर आलो. असो.

हा बँड भारतात पहिल्यांदाच येत होता. म्हणजे माझ्या वयाच्या लोकांनी तीस वर्षं वाट बघितलेली. त्याच दिवशी दुबईत चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल, त्यामुळं मैदानातल्या प्रत्येकाचा एक डोळा मोबाईलवर. पोट सुटलेले, काळे टी-शर्ट विटलेले बाप्ये आणि त्यांच्या खांद्यावर कान झाकलेली पोरं. माझा भाचा एकवीस वर्षांचा, 'डूकी' आला तेव्हा तो जन्मायचा होता. त्याला प्रत्येक गाणं पाठ.

आता प्रश्नाचं उत्तर. आवाज राहिलाय, पण सगळा नाही. वरच्या पट्टीत जायची वेळ आली की माणूस माईक गर्दीकडं फिरवायचा. गर्दी ती ओळ उचलायची, इतक्या जोरात की मूळ गायकाची गरज वाटू नये. माझ्या शेजारचा एक बाप्या डोळे मिटून, बेसूर, घसा फाटेस्तोवर गात होता आणि रडत होता. भाच्यानं माझ्याकडं बघितलं. "मामा, तुम्ही पण?" मी म्हटलं, धूळ आहे.

परतीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसला, वरच्या बर्थवरनं, भाचा म्हणाला, "यूट्यूबवर जुने शो बघितलेत मी. तेव्हाची मजा नव्हती, मामा. पण मी गेलो नसतो तर आयुष्यभर बोललो असतो." दोन्ही वाक्यं एका दमात. आणि मला आमचे आजोबा आठवले.

आजोबांनी बालगंधर्वांना ऐकलं ते उतारवयात, १९५०च्या आसपास. गंधर्व तेव्हा साठीला आलेले. अंग सुटलेलं, कर्जानं पिचलेले, आणि तरी शालू नेसून उभे राहिलेले. आजोबांच्या बरोबर गेलेले त्यांचे थोरले भाऊ परत येताना वैतागले होते म्हणे, कारण त्यांनी विशीतली भामिनी बघितलेली. आजोबा मात्र सांगायचे, "आवाज नव्हता रे पहिल्यासारखा. पण जागा तीच घेतली. आम्हाला ठाऊक होतं आता कुठं वळणार, आणि माणूस तिथंच वळला." हा वाद दोघा भावांत शेवटपर्यंत मिटला नाही. दिवाळीत फराळाच्या ताटावर सुद्धा निघायचा.

आणि त्याच्याही मागं जा. उस्ताद अल्लादिया खाँ १८९५च्या सुमारास शाहू महाराजांच्या दरबारात आले. पण त्याआधीच, राजस्थानकडं असताना, रात्रीमागून रात्री गाऊन त्यांचा आवाज बसला होता, तो पूर्वीसारखा परत आलाच नाही. दुसरा कुणी असता तर गाणं सोडून शिकवण्या धरल्या असत्या. खाँसाहेबांनी उरलेल्या आवाजाला साजेल अशी गायकी नव्यानं बांधली. लयीशी गुंतलेली, वळणावळणाची, सहज न उलगडणारी. जयपूर-अत्रौली घराणं म्हणून आज जग ज्याला मानतं ते हे. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांनी खाँसाहेबांकडून घेतलं. धाकटे चिरंजीव भूर्जी खाँ कोल्हापुरातच राहिले, त्यांच्याकडं मल्लिकार्जुन मन्सूर शिकले. फुटलेल्या आवाजातनं निघालेलं गाणं या गावानं पंचवीसेक वर्षं ऐकलं, देवल क्लबमध्ये त्यावर वाद घातले, आणि त्यातनं ऐकणारे तयार झाले. सांगवड्याचे गोविंदराव टेंबे त्यातलेच. १९११च्या 'मानापमान'ला चाली दिल्या त्या त्यांनीच.

'मानापमान'चं नाव निघालं म्हणून सांगतो. चाहत्यांच्या वेडाचा आपल्याकडचा सगळ्यात मोठा दिवस मला विचाराल तर ८ जुलै १९२१. केशवराव भोसले आपल्या कोल्हापूरचे, त्यांची 'ललितकलादर्श'. बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी. दोन कंपन्या म्हणजे एका बाजारातली दोन दुकानं, आणि चाहत्यांचे तर सरळ दोन तट. केशवरावांची तान मोठी की गंधर्वांचा सूर, यावर मैत्र्या तुटायच्या. टिळक स्वराज्य फंडासाठी या दोघांनी मुंबईत एकाच रंगमंचावर 'संयुक्त मानापमान' केलं. केशवराव धैर्यधर, गंधर्व भामिनी. तिकीट शंभर रुपयांपर्यंत गेलं. १९२१चे शंभर, लक्षात घ्या, आणि आपण आज तिकिटांच्या नावानं बोटं मोडतो. दोन्ही तट एकाच छपराखाली बसले आणि पैसा स्वराज्याच्या कामाला गेला. तीन महिन्यांत, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. वय ३१. त्यांचा आवाज म्हातारा झालेला कुणी ऐकलाच नाही, म्हणून त्यांच्याबद्दल हा वादही कधी झाला नाही.

आता मूळ दुखण्याकडं येतो. ऐकणारा तयार व्हायला जागा लागते.

मुंबईत रॉकचा श्रोता तयार झाला तो धोबीतलावच्या रंगभवनात, झेवियर्स कॉलेजच्या शेजारच्या खुल्या नाट्यगृहात. आपल्यातल्या बहुतेकांना रंगभवन गल्ली माहीत आहे ती २६/११ला करकरे, कामटे, साळसकर तिथं धारातीर्थी पडले म्हणून. पण त्याआधी तिथं 'जॅझ यात्रा' व्हायची, १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' व्हायचं, इथल्याच पोरांचे बँड वाजायचे. मग ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र. नियम चुकीचा नाही, आजारी माणसाला झोप पाहिजेच. पण रंगभवनातलं वाजणं थांबलं ते थांबलंच.

आणि आपलं? शाहू महाराजांनी १९०२ मध्ये रोमचं कलोझियम बघितलं आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं केलं. त्याला लागूनच १९१५ मध्ये पॅलेस थिएटर. इकडं कुस्ती, तिकडं नाटक. माईक नसताना शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू जायचं. त्यालाच पुढं केशवराव भोसल्यांचं नाव दिलं.

८ ऑगस्ट २०२४च्या रात्री ते जळलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. बातमी करायला म्हणून मी धावत गेलो आणि वही उघडलीच नाही. रस्त्यावर माणसं उभी होती, कुणी काही बोलत नव्हतं. एक पांढऱ्या केसांचे नट, ज्यांना मी आयुष्यभर विनोदी कामंच करताना बघितलं, फूटपाथवर बसून लहान पोरासारखे रडत होते. त्यांच्या शेजारी कॉलेजची पोरं, एकांकिका स्पर्धेत इथंच पहिल्यांदा उभी राहिलेली. आपल्या गावातला प्रेक्षक एकत्र आलेला मी शेवटचा पाहिला तो त्या रात्री. त्यानंतर सात महिन्यांनी तसाच पाहिला तो मुंबईत, दुसऱ्यांच्या मैदानात.

थिएटर पुन्हा उभं करायचं ठरलंय, चांगलंच आहे. खुर्च्या, एसी, पार्किंग यावर चर्चा चाललीय. माझं म्हणणं एवढंच की आवाजावर पण चर्चा करा. पहिल्या पॅलेसमध्ये शेवटच्या रांगेपर्यंत सूर जायचा तो कशामुळं, छपराच्या उतारामुळं, लाकडामुळं की भिंतींच्या अंतरामुळं, हे जाणकारांकडनं मोजून घ्या आणि मग काँक्रीट ओता. आणि वर्षातले चार दिवस गावातल्या पोरांच्या बँडला परवडेल अशा भाड्यात द्या. इथं गिटार वाजवणारी पोरं आहेत, माझ्या ओळखीतच सहा-सात आहेत. ती वाजवतात कुठं, तर कुणाच्या तरी गॅरेजमध्ये, शेजारी ओरडेपर्यंत.

भाच्याला घरी आल्यावर बालगंधर्वांचं जुनं रेकॉर्डिंग लावून दिलं, म्हातारपणातलं. दोन मिनिटं ऐकून म्हणाला, "मामा, ह्यांचे तरुणपणातले आहे का?" घ्या!

तुमच्यापैकी कुणाच्या घरात पॅलेसला जुन्या काळी गाणं किंवा नाटक ऐकलेलं माणूस असेल, तर त्यांना आजच विचारा आणि खाली लिहा. कुठल्या रांगेत बसले होते आणि तिथं किती ऐकू येत होतं, हे मुद्दाम लिहा. नवं बांधणाऱ्यांकडं ते घेऊन जायची जबाबदारी माझी.