जळगावचं कविसंमेलन आणि टिळकांचं घर

मंडळी, ख्रिस्ती ऐक्याचा इतिहास सांगायचा म्हटलं की आपण बहुधा २९ नोव्हेंबर १९७० या तारखेपाशी येतो. त्या दिवशी नागपुरात सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाली. मोठंच काम ते. वर्षानुवर्षांच्या वाटाघाटी, घटना, ठराव, बिशपांच्या सह्या, सगळं त्यात आलं. आज मात्र आपण ज्या ऐक्याकडे बघणार आहोत, त्याच्या मागे ठराव नव्हता. त्याची एक पायवाट आपल्या खानदेशातून जाते.

साल १९०७. आदल्याच वर्षी खानदेश जिल्ह्याचे दोन भाग होऊन पूर्वेचं ठाणं जळगाव आणि पश्चिमेचं धुळे झालं होतं. याच जळगावातून नारायण नरसिंह फडणीस १८८७ पासून ‘काव्यरत्नावली’ काढत होते. फक्त कवितेला वाहिलेलं मासिक! अशा मासिकात पैसा नसतो, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको. त्या जळगावात पहिलं महाराष्ट्र कविसंमेलन भरलं. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर, पेशाने शल्यवैद्य आणि अभ्यासाने वनस्पतिशास्त्रज्ञ. आणि आलेल्यांत होते रेव्हरंड नारायण वामन टिळक.

टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला होता. चित्पावन ब्राह्मण घरातला माणूस ख्रिस्ती झाला म्हणजे आप्तांच्या लेखी तो मेलाच. कवितेच्या मांडवात मात्र तो प्रश्न बाजूला राहिला. तिथेच धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाच्या सतरा वर्षांच्या आतल्या पोराने कविता म्हटली, कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ म्हटलं, आणि ते नाव कायमचं चिकटलं.

हा पोरगा पुढे नगरला टिळकांच्या घरी राहिला. ब्राह्मणाचा मुलगा पाद्र्याच्या घरी राहतो, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हे. तरी ठोंबरे ख्रिस्ती झाले नाहीत आणि टिळकांच्या घरातला त्यांचा जिव्हाळाही कमी झाला नाही. आमच्या मते टिळकांच्या धर्मविचाराची खरी परीक्षा इथे झाली, प्रवचनपीठावर नव्हे.

त्यात लक्ष्मीबाईंचा वाटा किती, हे आपण नीट पाहत नाही. नवऱ्याच्या धर्मांतरानंतर काही वर्षांनी त्या परत आल्या, तेव्हा त्यांचं चूल-पाणी वेगळं, सोवळं कडक. तो पीळ सुटायला वेळ लागला. १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. टिळक कुणालाही घरी आणायचे, कवी असो की अनाथ पोर. पण पिठाचा डबा किती भरलाय हे बघणार कोण? ‘स्मृतिचित्रे’ वाचताना हसू येतं खरं, पण त्या हसण्याखाली बाईंचे कष्ट आहेत. टिळकांचं औदार्य बऱ्याचदा बायकोच्या जिवावर चालायचं, हेही म्हटलं पाहिजे.

१९१७ मध्ये टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. म्हणजे ख्रिस्ताचं अनुयायित्व चर्चच्या नोंदवहीपुरतं राहिलं नाही. मिशनमधल्या अनेकांना हे पटणं अवघडच होतं. बाप्तिस्म्याचा उंबरठाच नको म्हटलं, तर मंडळी कुठे सुरू होते आणि कुठे संपते? हा आक्षेप काही खोटा नव्हता. त्याला उत्तर द्यायला टिळकांना अवधी मिळाला नाही.

५ मे १९१८ रोजी जळगावजवळ भादली स्टेशनात रेल्वेखाली सापडून बालकवी गेले. वर्षभराने, ९ मे १९१९ ला, मुंबईत टिळक वारले. ‘ख्रिस्तायन’ अर्धवट राहिलं होतं. जिला अक्षरओळख नवऱ्याने करून दिली, त्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे लिहायला घेतलं आणि पुरं केलं.