शुक्रवारचा सिनेमा

मालेगावच्या सिनेमाचा विषय निघाला की लोक सायकलींबद्दल बोलतात. ‘शोले’तले डाकू घोड्यांवरून येतात, ‘मालेगाव के शोले’तले सायकलींवरून. ऐकणारे हसतात आणि विषय तिथेच संपतो. मी मनमाडचा, व्हीएचएसच्या काळापासून लग्नांचं शूटिंग करत आलोय. मला त्या सायकलींमागचं कसब आणि माणसं महत्त्वाची वाटतात.

मालेगाव हे विणकरांचं गाव. 1857 च्या उठावानंतर उत्तरेकडून विणकर कुटुंबं इथे येऊन वसली आणि पुढे हातमागांची जागा यंत्रमागांनी घेतली. आठवडाभर मागांचा खडखडाट, सुट्टी शुक्रवारी. त्या दिवशी कामगारांची गर्दी थिएटरांत आणि व्हिडिओ पार्लरांत. नासिर शेख असंच एक पार्लर चालवायचे. पार्लर चालवणाऱ्याला एकच टेप पुन्हा पुन्हा पाहावी लागते. प्रेक्षक कुठे हसला, कुठे चुळबुळला, शॉट कुठे तुटला, हे त्याला बसल्या जागी कळत जातं. नासिरभाईंचं शिक्षण तिथेच झालं. तसं शिक्षण फुकट मिळत असलं तरी सोपं नसतं.

त्यांनी केलेला ‘मालेगाव के शोले’ 2000 साली आला. खर्च सुमारे 50 हजार रुपये. आमच्या धंद्यातल्या माणसाला यातली मेहनत लगेच समजते. एका व्हीसीआरवरून दुसऱ्यावर एकेक शॉट उतरवायचा, आणि कॉपीची कॉपी निघाली की रंग उडतो, कडा फाटतात. म्हणजे जोडणी आधी डोक्यात पक्की हवी, टेपवर चाचपडायची सोय नाही. ट्रॉली नव्हती म्हणून कॅमेरावाला सायकलवर बसायचा. क्रेनचं काम बैलगाडीवर भागायचं. लग्नात मीही नाना जुगाड केले, पण सबंध गोष्ट उभी करायचं धाडस माझ्यात नव्हतं.

आणि हे एकट्याचं काम कधीच नव्हतं. फरोग जाफरींसारखे लेखक होते, अक्रम खान यांच्यासारखे सगळीकडे हात लावणारे होते, मागावरची पाळी सांभाळून उभे राहणारे नट होते. गावातल्या बायका पडद्यावर यायच्या नाहीत, म्हणून नट्या बाहेरून आणाव्या लागत. 2001 मध्ये गावात दंगल झाली, 2006 च्या सप्टेंबरात बॉम्बस्फोट झाले. बाहेर मालेगावचं नाव तेवढ्यासाठीच घेतलं जायचं. तरीही शूटिंग होतच राहिलं.

मग ‘मालेगाव का सुपरमॅन’. सुपरमॅन झाला शफीक शेख, मागावर काम करणारा काटकुळा तरुण. मागे हिरवा कपडा लावून त्याला पडद्यावर उडवलं. शूटिंग चालू असतानाच त्याचं लग्न झालं. फैजा अहमद खान यांनी ही सगळी खटपट ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या 2008 च्या माहितीपटात टिपली, आणि तो देशोदेशीच्या महोत्सवांत गेला. 2011 मध्ये शफीक तोंडाच्या कर्करोगाने गेला. 2012 मध्ये माहितीपट थिएटरात लागला. पुढे रीमा कागतींनी याच मंडळींवर ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ केला. तो 2024 मध्ये टोरंटोच्या महोत्सवात दाखवला गेला.

या दोन्ही चित्रपटांचं मला कौतुक आहे. पण महोत्सवांतल्या प्रेक्षकांनी पाहिलं ते मालेगावकरांविषयी. मालेगावकरांनी स्वतः केलेलं पाहणारे त्यांच्यात किती असतील? त्यांचं ते काम टेपांवर आहे, आणि व्हीएचएस टेपला पावसाळ्यात बुरशी धरते, टेप उलगडली नाही तर थर एकमेकांना चिकटतात. माझ्याकडच्या कितीतरी लग्नांचं असंच वाटोळं झालं. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 पासून उभं आहे. मालेगावच्या मूळ टेपा, पोस्टरं आणि वह्यांमधल्या पटकथांना तिथे हक्काचं कपाट मिळायला हवं, आणि ते या मंडळींच्या हयातीत मिळायला हवं. कुठला शॉट का घेतला, हे आज त्यांना तोंडपाठ आहे.