पिंजऱ्यातील श्वान आणि सरमेचा प्रश्न

पाळलेल्या कुत्र्यास रात्री लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यात निजविण्याची चाल आता मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाही. वणीसारख्या जुन्या गावाच्या नव्या वस्त्यांतही ती रुजू लागली आहे. चालीबरोबर एक तक्रारही घरोघरी आली. पिंजऱ्यात ठेवलेले कुत्रे पुढच्या पंजांनी तळ खरवडते, अंथरूण ओरबाडून कोपऱ्यात लोटते आणि घरच्यांची झोप मोडते. या वर्तनास कोणी खोडी म्हणतो, कोणी हट्ट म्हणतो, कोणी तर सूडही म्हणतो. आमच्या मते ही तिन्ही नावे अन्यायाची आहेत. हे उकरणे म्हणजे त्या प्राण्याच्या वंशाचा इतिहास होय. तो आपणांस वाचता येत नाही, म्हणून शिक्षा मात्र मुक्या जिवास भोगावी लागते.

कुत्रा हा लांडग्याच्याच वंशातला, ही गोष्ट आता निर्विवाद आहे. लांडग्याची मादी विण्याच्या सुमारास जमीन उकरून बीळ करते, किंवा दुसऱ्या प्राण्याने टाकलेले बीळ रुंद करून घेते. पिलांचे पहिले दिवस त्या अंधारातच जातात. माणसांच्या व प्राण्यांच्या भावना कशा प्रकट होतात याविषयी चार्ल्स डार्विन यांनी १८७२ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. गालिच्यावर निजू पाहणारे कुत्रे विनाकारण गोल फिरते आणि खालची भूमी खरवडते, हे त्यांनी त्यात नमूद केले आहे. रानातील पूर्वज गवत तुडवून निजण्यापुरता खळगा करीत असत; गवत गेले, खळगा गेला, पण पंजांची सवय उरली, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. आज गादीवर उभे राहून जे कुत्रे दोनचार वेळा पंजे मारते आणि मुटकुळे करून पडते, ते आपले अंथरूणच घालीत असते. त्यात रागावण्यासारखे काय आहे?

या प्राण्याचा आणि मनुष्याचा सहवास किती जुना, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे १९१४ साली दोन मानवी सांगाड्यांबरोबर एका कोवळ्या कुत्र्याची हाडे सापडली. ती सुमारे १४,००० वर्षांपूर्वीची ठरली आहेत. इतकेच नव्हे, तर त्या पिलास गंभीर आजार झाला असता कोणीतरी त्याची शुश्रूषा केली असावी, असे अलीकडच्या संशोधकांनी दातांवरील खुणांवरून अनुमानिले आहे. आपल्या देशात काश्मिरातील बुर्झहोम येथे नवाश्मयुगीन लोकांनी जमिनीत खणलेले खड्डे उघडकीस आले. ती त्यांची राहण्याची घरे असावीत, असे पुष्कळ अभ्यासक मानीत आले आहेत. आणि त्याच वसाहतीत मनुष्यांबरोबर पुरलेली कुत्रीही मिळाली. भूमीच्या कुशीत निवारा शोधण्याची ओढ एके काळी धन्याला आणि श्वानाला सारखीच असावी, असे म्हणण्यास हरकत नाही.

पुढे मनुष्याने ही ओढ आपल्या कामास जुंपली. बिळातील कोल्हा बाहेर काढण्यासाठी इंग्रजांनी जी कुत्री जोपासली, त्यांना 'टेरियर' हे नाव भूमिवाचक लॅटिन शब्दावरूनच पडले. जर्मन लोकांचे आखूड पायांचे 'डाक्सहुंड' बॅजर नावाच्या बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या शिकारीसाठी तयार झाले. पिढ्यानुपिढ्या जी उत्तम उकरील तीच कुत्री निवडून वाढवावयाची, आणि तिच्या वंशजास दिवाणखान्यात आणल्यावर 'उकरू नको' म्हणून दटावावयाचे, हा मनुष्यस्वभावाचा विनोदच म्हटला पाहिजे.

एका कारणासाठी तर इतिहासात शिरण्याचीही गरज नाही; वणीचा उन्हाळा पाहिला की पुरे. कुत्र्याच्या अंगाला मनुष्यासारखा घाम फुटत नाही. त्याच्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या तळव्यांत असतात, म्हणून जीभ काढून धापा टाकणे हाच त्याचा मोठा आधार. वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास गेला म्हणजे गावातील बेवारशी कुत्री कडुनिंबाच्या सावलीत तापलेली वरची माती उकरून काढतात आणि खालच्या गार थराला पोट लावून पडतात. हेच कुत्रे पत्र्याच्या तळाच्या पिंजऱ्यात घातले तर ते तेथेही गार थर शोधते. माती नसल्यामुळे नखे मात्र झिजतात.

येथवर सांगितलेले उकरणे विश्रांतीसाठी आहे. याहून निराळे, सुटकेसाठी केलेले उकरणेही असते, आणि त्याची चिन्हे वेगळी असतात. घरचे माणूस उंबरठ्याबाहेर पडताच ते सुरू होते. त्याचा रोख अंथरुणाकडे नसून दाराकडे असतो. लाळ गळते, कुत्रे विव्हळते, प्रसंगी नखांतून रक्त येते, दात तुटतात. रशियाचे नोबेल पारितोषिकविजेते शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलोव्ह यांना प्रयोगशाळेत असेच एक कुत्रे भेटले होते. पट्ट्यांनी बांधून उभे करताच ते सुटण्याची धडपड करी. पाव्हलोव्ह यांनी या धडपडीस स्वातंत्र्याची उपजत प्रतिक्रिया मानले. त्या कुत्र्यास पुढे त्याच जागी अन्न देत देत काही महिन्यांनी शांत करण्यात आले. यावरून घेण्याचा धडा उघड आहे. पिंजरा उघडा ठेवून, आत खाऊ घालून, थोडथोड्या वेळाने सवय लावली तर तो बिळासारखा आपला वाटू शकतो. एकदम कडी घातली तर तो सापळा होतो. भय फार असल्यास पशुवैद्याचा सल्ला घ्यावा.

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदाही याच विवेकाचा आहे. हालचालीस पुरेशी लांबी, रुंदी, उंची नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी ठेवणे, आणि नेहमी साखळीने बांधलेल्या अथवा कोंडलेल्या कुत्र्यास व्यायाम देण्यात धन्याने हयगय करणे, या दोहोंची गणना त्याने क्रूरतेत केली आहे.

परंतु कायद्यापूर्वी फार वर्षे हा न्याय आमच्या महाभारताने सांगून ठेविला आहे. आदिपर्वात जनमेजयाचे सत्र चालू असता देवशुनी सरमेचा पुत्र तेथे आला. राजाच्या भावांनी त्याला मारले. तो रडत आईकडे गेला. सरमेने यज्ञमंडपात येऊन विचारले, याने हविर्द्रव्याकडे पाहिले नाही, ते चाटले नाही, मग याला का मारले? त्या राजकुळाला उत्तर देता आले नाही, आणि अपराधावाचून मारल्याबद्दल अदृष्ट भयाचा शाप राजाच्या पदरी पडला. रात्री पिंजऱ्यातून पंजांचा आवाज आला असता काठी उचलण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने हाच प्रश्न स्वतःस विचारावा. अंथरूण नीट आहे काय, तळ तापला आहे काय, दिवसभरात याचे पाय मोकळे झाले काय, हा एकटेपणास भ्याला आहे काय? एवढे पाहिल्यावर बहुधा काठीचे काम उरत नाही.