काळ्या रानावरची हवा

एप्रिलचा शेवटचा आठवडा, दुपारचे बारा. नाकाडोंगरीच्या जरा बाहेर, मोहाच्या सावलीत तुम्ही उभे आहात. धानाच्या बांध्या कधीच्या रिकाम्या झाल्यात, धुऱ्यांवरचं गवत वाळून पांढरं पडलंय. डोंगरी बुजुर्गच्या खाणीकडे बघा. ही खुली खाण, जमिनीवरून खणत नेलेली. तिथलं मँगनीज कोरड्या बॅटरीत जातं. खाणीतल्या मातीचे काळपट ढीग उन्हात तापलेत आणि त्यांच्या माथ्यावर घारी गोल फिरताहेत. पंख हलत नाहीत, तरी दर फेरीला त्या थोड्या वर सरकतात. आता मामा (माजी मालगुजारी) तलावाकडे नजर वळवा. तळाशी पाणी उरलंय, काठाला हिरवं आहे, आणि त्यावर एकही घार नाही.

हे तुम्ही लहानपणापासून पाहत आलात. गुरांमागे असताना, मोहफुलं वेचताना, बावनथडी नदीच्या रेतीत पाय भाजत असताना. कोणी विचारलं नाही, म्हणून कोणाला सांगितलंही नाही. पण ही गोष्ट बरोबर घ्या. जिथे जायचंय तिथे ती लागणार आहे.

आपल्याला उडायला जायचंय. जवळची धावपट्टी म्हणाल तर गोंदियाजवळ बिरसीला आहे, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेली. पण आपल्याला इंजिन नसलेलं विमान हवं. तेव्हा गोबरवाहीला गाडी पकडा आणि वर्ष १९६७ धरा. तुमचं वय वीस. गोंदिया अजून भंडारा जिल्ह्यातच आहे, खाण इंग्रज कंपनीकडून ‘मॉईल’कडे येऊन पाच वर्षं झालीत. हातात पत्र्याची पेटी, पेटीत दोन सदरे आणि डॉक्टरांच्या तपासणीचा कागद. तुमसर रोडला गाडी बदला, नागपूरला बदला, मग मनमाड, दौंड आणि पुणे.

पुण्याहून हडपसर. सोलापूर रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस आणि भाजीचे मळे, मधून मुठेचा उजवा कालवा वाहतो. दक्षिणेला दिवे घाटाचा डोंगर दिसतो, माउलींची पालखी ज्या वाटेने सासवडला चढते तो. आणि या सगळ्यात एक मोठं, झाड नसलेलं, सपाट मैदान. केंद्र सरकारच्या नागरी विमानवाहतूक खात्याचं हे ग्लायडिंग सेंटर १९५० पासून इथे आहे.

हँगरच्या दारातच वास येतो, गोडसर आणि नाकाला झोंबणारा. तो डोपचा. पंखावर ताणून बसवलेल्या कापडाला हे द्रावण लावतात, वाळताना ते कापड आवळतं आणि कडक होतं. उजेडाला डोळे सरावले की पंख दिसतात. आधी फक्त पंखच. दारापासून आत अंधारापर्यंत गेलेले, लाकडाचे, तिरक्या दांड्यांवर पेललेले.

“कुठला रे तू?” प्रशिक्षक विचारतात. अंगात खाकी अर्धी चड्डी, डोक्यावर कापडी टोपी.

“नाकाडोंगरीचा आहो जी. भंडारा जिल्हा.”

“लांबून आलास. विमान जवळून पाहिलंयस कधी?”

“नाही जी.”

“मग आधी हात लावून बघ.”

हात लावा. पंखाची पुढची कड प्लायवूडने मढवलेली आहे, मागचा भाग नुसत्या कापडाचा. बोटाने टिचकी मारा, ढोलकीच्या शाईबाहेर मारल्यावर येतो तसा आवाज येईल. आत फळ्यांच्या बारीक फासळ्या, सरसाने जोडलेल्या, आणि कापड त्या फासळ्यांना दोऱ्याने शिवलेलं. तुम्ही सुताराच्या दुकानात बसलेले असाल तर यातलं एकही काम तुम्हाला परकं वाटणार नाही. हे आहे रोहिणी. १९६१ साली पहिल्यांदा उडालं. आराखडा एस. रामामृतम यांचा, दिल्लीच्या सफदरजंग विमानतळावरच्या खात्याच्या तांत्रिक केंद्रातला. परदेशातून ग्लायडर आणत राहण्यापेक्षा आपल्या हवेला, आपल्या मैदानांना आणि आपल्या सुतारांच्या हाताला जमेल असं विमान इथेच करायचं, हे त्या माणसांनी मनावर घेतलं होतं. १९५८ साली अश्विनी झालं, मग रोहिणी, १९६३ साली एका आसनाचं कार्तिक. भरणी, मृगशीर्ष आणि १९७९ सालचं आर्द्राही याच कुळातली. नक्षत्रांची ही यादी तुमच्या घरातल्या कोणालाही तोंडपाठ असेल. मृग लागला की तुमच्याकडे पऱ्हे टाकायची घाई सुरू होते.

सकाळी पहिला तास-दीड तास नुसती तपासणी. तिला सगळे ‘डी.आय.’ म्हणतात. खीळ, पिन, केबल, बिजागरी, एकेक हाताने हलवून बघायची. प्रशिक्षक पंखाच्या मुळाशी कान लावून प्लायवूडवर बोटाने ठोकतात. जिथे आवाज बसका येतो तिथे आतला सरस सुटलेला असू शकतो. लाकडी ग्लायडरचा खरा शत्रू ओल आहे. पावसाळ्यात दमट हवा फासळ्यांच्या सांध्यात शिरते आणि बाहेरून काही दिसत नाही. म्हणून ठोकायचं, ऐकायचं, वास घ्यायचा. हे काम मला उड्डाणाइतकंच मोलाचं वाटतं. ज्या यंत्रात बसून हवेत जायचं त्याचा प्रत्येक सांधा बोटांना माहीत असावा, हा आग्रह आता फार कमी ठिकाणी उरलाय.

मग ढकलणं. ग्लायडर स्वतः कुठेच जात नाही. दोघं दांड्यांना खांदा लावतात, एक जण पंखाचं टोक धरतो, एक शेपटीकडे. मैदानाच्या एका टोकाला ग्लायडर, दुसऱ्या टोकाला केबल गुंडाळून ओढणारं यंत्र, विंच, मध्ये किलोमीटरभर पोलादी केबल गवतात पसरलेली. दर उड्डाणानंतर जीप ती केबल ओढून परत आणते. एकाला उडवायला सात-आठ माणसं उन्हात राबतात आणि प्रत्येकाची पाळी येईपर्यंत तो दुसऱ्यासाठी धावतो. इथे एकटा कोणी उडूच शकत नाही, सोलोला निघालेला मुलगासुद्धा नाही.

दुपार. तुमची पाळी. डाव्या बाजूला बसा, प्रशिक्षक उजवीकडे, खांद्याला खांदा लागून. वर छप्पर नाही, समोर वीतभर काच. पट्टे घट्ट ओढा. समोर वेगदर्शक, उंचीदर्शक आणि व्हेरिओमीटर. हे तिसरं घड्याळ सांगतं की आपण वर चाललोय की खाली. पिवळी मूठ केबल सोडायची. पंखाचं टोक धरलेला मुलगा ते सरळ उचलतो, हात हलवतो. केबल गवतातून सळसळत ताणली जाते.

“ऑल आउट!”

पाठ आसनाला चिकटते. चाक दोन-चार वेळा खडखडतं आणि गप्प होतं. नाक वर, आणखी वर, इतकं वर की समोर फक्त आभाळ. पोटात गोळा येतो. दांड्यांमधून वारा शिट्टी घालत मोठा होत जातो. हात स्टिकवर ठेवलात तर केबलची ओढ तळव्यात जाणवेल. हजार फुटांच्या आसपास ओढ सैल पडते, प्रशिक्षक नाक किंचित खाली घेतात आणि म्हणतात, “ओढ.” पिवळी मूठ ओढा. खट्.

आणि आवाज उतरतो. पूर्ण शांत होत नाही. कापडावरून वाऱ्याचा एकसारखा सूर राहतो, आणि त्या सुरावरून वेग ओळखायचा असतो. सूर उंचावला तर वेग वाढला, मंदावला तर सांभाळा. प्रशिक्षक वेगदर्शकावर एक पुठ्ठा धरतात. “कानाने सांग, किती?” तुम्ही अंदाजाने सांगता, “साठ-पासष्ट, जी.” पुठ्ठा बाजूला होतो. काटा तिथेच कुठेतरी आहे.

आता गणित ऐका. शांत हवेत असं लाकडी ग्लायडर मिनिटाला दीडशे-पावणेदोनशे फूट उतरतं. हजार फूट म्हणजे सहा मिनिटं. तेवढ्यात काही सापडलं नाही तर खाली. तुम्ही कालव्याच्या उसावरून चाललाय आणि व्हेरिओचा काटा खाली झुकलाय. ओल्या हिरव्या रानावरची हवा थंड असते, ती ग्लायडरला दाबते. आठशे फूट. सातशे.

“सर, तिकडं बघा जी. काळं रान आहे. नांगरलेलं.”

“बरं मग?”

“त्याच्यावर घारी आहेत.”

प्रशिक्षक एकदा तुमच्याकडे बघतात. “घे तिकडे. नाक खाली, वेग ठेव.”

नांगरलेल्या काळ्या मातीवर आलात की आधी उजवा पंख उचलल्यासारखा होतो. मग बुडाखालून धक्का. थर्मल, म्हणजे तापून वर चढणारी हवा, उजवीकडे आहे, म्हणून तिकडेच वळा. पंख तीसेक अंश कलवा, पाय आणि हात एकाच वेळी. एक फेरी वीसेक सेकंदांची. काटा वर जातो, अर्ध्या फेरीत पुन्हा शून्यावर येतो. म्हणजे गाभा अजून बाजूला आहे. जिथे काटा वर होता तिकडे फेरी सरकवा. आणखी एकदा. आता पूर्ण फेरीभर काटा वर. मिनिटाला चारशे फूट. तुमच्याहून थोड्या उंचीवर एक घार डोकं वळवून तुमच्याकडे बघते आणि आपली फेरी मोडत नाही.

हजार, दीड हजार, दोन. घामाने भिजलेला सदरा गार पडायला लागतो, कारण दर शंभर मीटरला हवा जवळपास एका अंशाने थंड होते आणि तुम्ही उघड्यावर बसलाय. चार हजार फुटांवर पश्चिमेला खडकवासल्याचं पाणी चमकतं. त्याच्या काठी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, तिथले हवाई छात्रही ग्लायडरवरच उडणं शिकतात. त्यामागे सिंहगड. उत्तरेला लोहगाव, हवाई दलाचा तळ. तिकडे अजिबात फिरकायचं नाही.

आता डोळे मिटू नका, फक्त वर्ष आणखी मागे न्या. खाली जर्मनीतला वासरकुप्पे डोंगर, १९२० नंतरची वर्षं. पहिल्या महायुद्धानंतरच्या तहाने जर्मनांच्या इंजिनाच्या विमानांवर निर्बंध आणलेत. विद्यार्थी लाकडी सांगाडे खांद्यावरून डोंगरमाथ्यावर नेतात, रबराच्या दोराने ताणून हवेत सोडतात. आधी त्यांना उतारावर आदळून वर चढणारा वारा वापरता आला. मोकळ्या मैदानावरच्या तापलेल्या हवेत फिरत वर जाणं जमलं ते १९२०च्या दशकाच्या अखेरीला. १९२८ साली रॉबर्ट क्रोनफेल्डने ग्लायडरमध्ये व्हेरिओमीटर नेला आणि दिसत नसलेल्या हवेला काटा मिळाला. तुमच्या समोर आत्ता जे घड्याळ आहे ते तिथून आलंय. पण काळं रान आधी दिसलं ते तुमच्या डोळ्यांना, आणि ते तुम्ही डोंगरी बुजुर्गकडे बघत शिकलात.

यासाठीच मला ही जुनी ग्लायडरं उडती हवी आहेत. आजचं फायबरचं ग्लायडर एक किलोमीटर उंचीवरून चाळीस, पन्नास, काही तर साठ किलोमीटर जातं. दहा किलोमीटरवर काही सापडेल या भरवशावर पुढे जाता येतं. रोहिणीसारखं ग्लायडर त्याच उंचीवरून वीस किलोमीटरच्या आसपास जातं, समोरून वारा असेल तर त्याहून बरंच कमी. त्याच्या वैमानिकाला पायाखालची जमीन वाचल्याशिवाय गत्यंतर नसतं. कुठे ऊस आहे, कुठे ज्वारी काढून झालीय, कुठल्या उतारावर दुपारनंतर ऊन येतं, धूर कुठे वाकतोय. युरोपात हे जाणणारी माणसं आहेत. १९७३ साली त्यांनी व्हिंटेज ग्लायडर क्लब काढला आणि १९३०च्या दशकातली ‘ग्रुनाऊ बेबी’सारखी ग्लायडरं ते अजून हवेत नेतात, सांधे पुन्हा चिकटवून, कापड पुन्हा शिवून. नक्षत्रांची नावं घेऊन जन्मलेल्या आपल्या ग्लायडरांसाठी असं कोणी करावं, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी सुतार लागतील, शिवणारे हात लागतील, आणि मैदान लागेल.

“पुरे,” प्रशिक्षक म्हणतात. “बाकीची मुलं उन्हात उभी आहेत.”

मनात येतं, अजून थोडं. पण ते बरोबर आहेत. थर्मलमधून बाहेर पडा. उतरताना सर्किट धरायचं: मैदानाला समांतर, वाऱ्याच्या दिशेने, मग आडवं, मग वाऱ्याला तोंड देऊन सरळ. इंजिन नाही, म्हणून दुसरी संधी नाही. उंची जास्त राहिलीय, स्पॉयलर उघडा. पंखावरच्या पट्ट्या उभ्या राहतात, ग्लायडर खाली बसतं. गवत वेगाने जवळ येतं. नाक हलकेच वर घ्या, घ्या, धरून ठेवा. चाक टेकतं, मग पुढची पट्टी जमिनीवर घासते आणि एक पंख सावकाश कलून गवतावर विसावतो.

लॉगबुकात वेळ लिहिली जाते: एकतीस मिनिटं. त्याखाली प्रशिक्षक शेरा लिहितात, “डाव्या वळणात पाय कमी पडतो.” घारींचा उल्लेख नाही. पण पेन खिशात ठेवताना ते विचारतात, “तुमच्याकडे दुपारी वारा कुठून असतो रे?” तुम्ही सांगता. ते लक्ष देऊन ऐकतात आणि आणखी विचारतात, तलावावरून येणारा वारा किती वाजता फिरतो, नदीच्या रेतीवर घारी दिसतात का.

तेवढ्यात पुढचा मुलगा आसनात बसलाय, पट्टे ओढतोय. जीपने केबल आणून टाकलीय. पंखाच्या टोकाशी कोणी नाही. जा, धरा. टोक खांद्याच्या उंचीवर सरळ ठेवा, वारा बघा, मागे-पुढे कोणी उतरत नाहीये ना ते बघा, मग हात हलवा. केबल ताणली. पळा.